हक्क कुठे लिहिला आहे आणि तो कोण बदलू शकतो?

 

या वेळच्या अभ्यास पाठासाठी विषय घेतला आहे घटनादुरुस्तीचा. या विषयावर आपल्या घरांत दोन वाक्ये नेहमी ऐकू येतात. एक, ‘ते संविधान बदलणार आहेत.’ दुसरे, ‘संविधान कोणी बदलूच शकत नाही.’ दोन्हींमागची भावना समजते, पण अभ्यासाला दोन्ही अपुरी आहेत. भारताच्या संविधानात आजवर शंभराहून अधिक दुरुस्त्या झाल्या आहेत. त्यांतली अगदी पहिली नसती तर आपल्यापैकी कित्येकांना मेडिकल-इंजिनीअरिंगची जागा मिळाली नसती, आणि मग डब्लिनची नोकरीही नाही. म्हणून ‘बदल होणार का’ या प्रश्नावर न थांबता आपण जरा वेगळे विचारू या. आपला अमुक हक्क नेमका कुठे लिहिला आहे? तो बदलायला किती हात वर व्हावे लागतात? आणि त्या हातांत आपला हात आहे का?

सुरुवात आपल्या रोजच्या वाटेवरून करू. आपल्यातले बरेच जण सकाळी ग्रँड कॅनाल डॉक स्टेशनवर उतरतात आणि बॅरो स्ट्रीटच्या कार्यालयांकडे वळतात. तिथून चार पावलांवर, पाण्याच्या कडेला बोलंड्स मिलच्या जुन्या दगडी इमारती आहेत. आज तो परिसर गुगलचा म्हणून ओळखला जातो. १९१६ च्या ईस्टर उठावात हा भाग ताब्यात घेणाऱ्या बंडखोर बटालियनचे प्रमुख होते एमन डी व्हॅलेरा, आणि त्यांचे ठाणे जवळच्याच बोलंड्स बेकरीत होते. एकवीस वर्षांनी त्यांच्याच नेतृत्वाखाली आयर्लंडचे सध्याचे संविधान तयार झाले. १ जुलै १९३७ रोजी जनतेने ते मतदानाने स्वीकारले आणि २९ डिसेंबर १९३७ पासून ते अंमलात आले. पुढे १९४७ साली भारताच्या संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव डब्लिनला येऊन डी व्हॅलेरांना भेटले. आपल्या संविधानाच्या चौथ्या भागातील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना इथल्या ४५ व्या अनुच्छेदावरून आली आहे, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी संविधान सभेत आयर्लंडचा तसा उल्लेखही केला होता.

एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. आयर्लंडच्या संविधानात अनुच्छेद ४६ आहे घटनादुरुस्तीचा. भारताच्या संविधानात अनुच्छेद ४६ आहे अनुसूचित जाती, जमाती व दुर्बल घटकांच्या शैक्षणिक आणि आर्थिक हितसंवर्धनाचा. हा निव्वळ योगायोग. पण भारताची पहिली घटनादुरुस्ती ज्या वादातून झाली, त्या वादात हाच आपला ४६ वा अनुच्छेद उभा होता. तिकडे वळण्याआधी थोडे धम्माकडे पाहू.

संघाने नियम कसे बदलावेत?

महापरिनिब्बान सुत्तात भगवान बुद्ध आनंदाला सांगतात की माझ्या पश्चात संघाची इच्छा असेल तर त्याने क्षुद्र आणि अनुक्षुद्र नियम रद्द करावेत. म्हणजे विनयातही दुरुस्तीचा अधिकार होता, आणि तो कोणा एका वारसाला नाही, तर संघाला दिलेला होता. आता राजगृहाच्या पहिल्या संगीतीत काय झाले ते पाहा. आनंदाने ही गोष्ट सांगितल्यावर थेरांनी विचारले, क्षुद्र नियम म्हणजे नेमके कोणते? आनंदाने ते भगवंतांना विचारलेच नव्हते. कोणी म्हणाले इतके, कोणी म्हणाले तितके. एकमत होईना. तेव्हा महाकश्यपांनी संघापुढे रीतसर ठराव मांडला की आपले नियम गृहस्थांनाही माहीत आहेत, आज आपण ते सोडले तर लोक म्हणतील की शास्त्याच्या चितेचा धूर असेपर्यंतच यांनी नियम पाळले. म्हणून काहीही रद्द करू नये आणि नवे काही घालू नये. संघ मौन राहिला आणि ठराव संमत झाला.

या कथेत दोन गोष्टी आहेत. बदल करण्याचा अधिकार असणे ही एक, आणि मूळ कोणते व फांदी कोणती हे न कळता हात न लावणे ही दुसरी. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी असे संसदेचे सगळे नियम ठाऊक होते असे सांगितले, ते उगाच नव्हे. आणि मूळ-फांदीचा जो प्रश्न राजगृहात अनुत्तरित राहिला, तोच जवळजवळ तसाच २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांपुढे होता. सात विरुद्ध सहा मतांनी निकाल लागला की संसद संविधानात दुरुस्ती करू शकते, पण त्याची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. एका मताचा फरक! आयर्लंडमध्ये असे कुंपण नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले की जनतेने सार्वमताने केलेल्या दुरुस्तीच्या वर दुसरा कोणताही कायदा बसवता येत नाही.

पहिली दुरुस्ती

मद्रास प्रांतात वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या जागा सरकारी आदेशाने समाजगटांत वाटल्या जात. दर चौदा जागांपैकी सहा ब्राह्मणेतर हिंदूंना, दोन मागास हिंदूंना, दोन ब्राह्मणांना, दोन अस्पृश्य जातींना, एक ख्रिस्ती व अँग्लो-इंडियनांना आणि एक मुस्लिमांना. चंपकम दोराईराजन या ब्राह्मण महिलेने त्याला आव्हान दिले. सरकारने अनुच्छेद ४६ पुढे केला, की दुर्बलांचे शिक्षण पुढे नेणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मुद्दा फेटाळला. मार्गदर्शक तत्त्वे मूलभूत हक्कांच्या खालची आहेत, आणि शैक्षणिक प्रवेशात धर्म वा जातीवरून नाकारता येणार नाही असे अनुच्छेद २९ सांगतो, असा तो निकाल होता. नोकऱ्यांसाठी अनुच्छेद १६(४) मध्ये मागासवर्गांची सोय लिहिलेली होती. शिक्षणासाठी तशी ओळ कुठेही नव्हती.

म्हणजे संविधान लागू होऊन सव्वा वर्षही झाले नव्हते आणि राखीव जागांवर शिकण्याचा रस्ता कायद्याने बंद झाला होता. तो उघडला पहिल्या घटनादुरुस्तीने, जून १९५१ मध्ये. तिने अनुच्छेद १५ मध्ये चौथे उपकलम घातले, आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, अनुसूचित जाती आणि जमाती यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याची मुभा राज्याला मिळाली. त्या वेळी कायदामंत्री बाबासाहेबच होते आणि संसदेत त्यांनी या दुरुस्तीचे समर्थन केले. याच दुरुस्तीत भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांचे आणि जमीन कायद्यांचेही भाग होते, त्यांवर आजही टीका होते आणि ती करण्यास हरकत नाही. पण ‘दुरुस्ती म्हणजे संविधानावर हल्ला’ असे सरसकट म्हणणाऱ्याने १५(४) समोर ठेवून बोलावे.

पुढे जे झाले ते थोडक्यात. ७७ व्या दुरुस्तीने १९९५ साली अनुसूचित जाती-जमातींसाठी पदोन्नतीतील आरक्षणाचा आधार दिला, ८१ व्या व ८५ व्या दुरुस्तीने अनुशेष आणि ज्येष्ठतेचे प्रश्न हाताळले, ९३ व्या दुरुस्तीने खासगी शिक्षणसंस्थांच्या प्रवेशापर्यंत तरतूद नेली. यांतली प्रत्येक दुरुस्ती न्यायालयाच्या एखाद्या निकालाला उत्तर म्हणून आली आहे. न्यायालय आणि संसद यांच्या या ओढाताणीत आपला हक्क घडत आला.

२०३० ची तारीख

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो विरोधकांच्या तोंडी आहे तसा आपल्या मुलांच्याही तोंडी आहे. ‘आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी होते.’ दहा वर्षांची मुदत अनुच्छेद ३३४ मध्ये होती, आणि तो अनुच्छेद लोकसभा व विधानसभांतील राखीव मतदारसंघांपुरता आहे. शिक्षण आणि नोकरीतील आरक्षणाला संविधानात कोणतीही अंतिम तारीख नाही. ऑफिसच्या कँटीनमध्ये एखादा सहकारी हा विषय काढतोच. त्याला एवढे एक वाक्य शांतपणे सांगितले तरी पुरे.

राखीव मतदारसंघांची मुदत मात्र खरी आहे. आठवी, तेविसावी, पंचेचाळिसावी, बासष्टावी, एकोणऐंशीवी, पंच्याण्णवावी आणि एकशे चौथी अशा सात दुरुस्त्यांनी ती दहा-दहा वर्षांनी वाढत गेली. आता ती २५ जानेवारी २०३० पर्यंत आहे. एकशे चौथ्या दुरुस्तीत एक बारीक गोष्ट घडली. अँग्लो-इंडियन समाजाच्या नामनिर्देशित जागांना मुदतवाढ दिलीच नाही, आणि त्या संपल्या. कोणी त्या रद्द करण्याचा ठराव मांडला नाही, नुसते त्यांचे नाव पुढच्या ओळीत लिहिले नाही. मुदत असलेला हक्क असाच जातो, आवाज न होता.

आपले ‘बौद्ध’ असणे कोणत्या पानावर आहे?

आता या पाठातला सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणून इथे जरा सावकाश वाचा.

अनुसूचित जाती कोण, हे संविधानाच्या मजकुरात लिहिलेले नाही. अनुच्छेद ३४१ नुसार राष्ट्रपतींच्या आदेशाने यादी ठरते आणि तिच्यात बदल संसद साध्या कायद्याने करते. १९५० च्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदात अट होती की हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. १९५६ साली शीख धर्माचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतली आणि त्या क्षणी, या परिच्छेदामुळे, केंद्राच्या सवलतींना ते मुकले. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राची नोकरी किंवा राखीव मतदारसंघ यांचा दरवाजा बंदच राहिला. घराघरांत पेच होता की शाळेच्या दाखल्यावर बौद्ध लिहावे, की हिंदू महार? कोणी धम्म लिहिला आणि हक्क सोडला, कोणी हक्कासाठी कागदावर जुने नाव ठेवले आणि घरात वंदना घेतली. आज आपण त्यांच्यापैकी कुणालाही नावे ठेवू नयेत.

हा पेच सुटला १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारच्या काळात. तिसऱ्या परिच्छेदात हिंदू, शीख यांच्यासोबत ‘बौद्ध’ हा शब्द आला. चौतीस वर्षे. धम्मदीक्षेच्या दिवशी जन्मलेले मूल त्या वेळी बऱ्याच नोकऱ्यांची वयोमर्यादा ओलांडून गेले होते.

आता पाठाचा मुद्दा पाहा. १९९० चा हा बदल घटनादुरुस्ती नाही. आपण सभांमध्ये ‘घटनादुरुस्ती करून बौद्धांना सवलती मिळाल्या’ असे म्हणतो ते चुकीचे आहे. तो राष्ट्रपतींच्या आदेशात बदल करणारा साधा कायदा आहे. अनुच्छेद ३६८ प्रमाणे घटनादुरुस्तीला प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांची दोन तृतीयांश संमती लागते, काही बाबतींत निम्म्या राज्यांचीही. साध्या कायद्याला यातले काही लागत नाही. म्हणजे १५(४) ला जे कुलूप आहे ते ‘बौद्ध’ या शब्दाला नाही. तो शब्द उद्याच पुसला जाईल असे मी म्हणत नाही. तसे करणाऱ्याला समतेच्या कसोटीवर न्यायालयात उत्तर द्यावे लागेल आणि राजकीय किंमतही मोजावी लागेल. पण आपला हक्क कोणत्या पानावर आहे हे माहीत नसेल तर आपण भलत्याच पानावर पहारा देत बसू.

बाबासाहेबांना हा फरक पक्का ठाऊक होता. मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे दिलेल्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी शेती व मुख्य उद्योगांची व्यवस्थासुद्धा संविधानातच लिहावी असे मांडले, कारण साध्या कायद्यावर सोडलेली गोष्ट पुढचे बहुमत मोडून टाकते. अनुसूचित जातींच्या संरक्षणाबाबत तर त्यांची मागणी आणखी कडक होती. पंचवीस वर्षे त्याला हात लावू नये, आणि नंतरही बदल करायचा तर सभागृहाच्या दोन तृतीयांशाबरोबर अनुसूचित जातींच्या प्रतिनिधींची वेगळी दोन तृतीयांश संमती असावी. ज्याचा हक्क, त्याच्या संमतीशिवाय बदल नाही. ही अट पुढे अनुच्छेद ३६८ मध्ये आली नाही.

आयर्लंडमध्ये कोण ठरवते?

इथे दुरुस्तीचे विधेयक डॉलमध्ये सुरू होते, दोन्ही सभागृहांत संमत होते आणि मग सार्वमताला जाते. साधे बहुमत पुरते, किमान मतदानाची अट नाही. ऐकायला ही पद्धत अधिक लोकशाहीची वाटते. ती अल्पसंख्याकांना कशी लागू पडते ते अनुभवावरूनच पाहावे लागेल, कारण अनुभव दोन्हीकडचा आहे.

१९३७ च्या मूळ मजकुरात कॅथलिक चर्चला बहुसंख्यांच्या धर्माचे रक्षक म्हणून ‘विशेष स्थान’ होते. त्याखाली प्रोटेस्टंट पंथांची आणि ज्यू समाजाची नावे होती, बौद्धांचे अर्थातच नव्हते. ७ डिसेंबर १९७२ च्या सार्वमतात चौऱ्याऐंशी टक्के मतदारांनी, म्हणजे प्रामुख्याने कॅथलिकांनीच, पाचव्या दुरुस्तीने हे विशेष स्थान काढून टाकले. २०१८ मध्ये ईशनिंदेचा गुन्हाही सार्वमतानेच गेला. आपण इथे बुद्धवंदना घेतो ती कुणाच्या विशेष स्थानाखाली न राहता, त्यामागे हे मतदान आहे. (प्रास्ताविकेत पवित्र त्रैक्याचे नाव मात्र अजून आहे. भारतात १७ ऑक्टोबर १९४९ रोजी एच. व्ही. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी अशी सूचना मांडली होती, ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली.)

आता दुसरी बाजू. १९८३ च्या आठव्या दुरुस्तीने गर्भाच्या जीविताचा हक्क आईच्या जीविताइतकाच ठरवला. सीमाभागातल्या बेळगावची सविता हलप्पनवार, दंतवैद्य, वय ३१, गॉलवेच्या रुग्णालयात सतरा आठवड्यांची गर्भवती असताना गर्भपात अटळ झाला होता, तिने उपचार मागितला, पण गर्भाचे ठोके चालू होते म्हणून तो नाकारला गेला. २८ ऑक्टोबर २०१२ रोजी जंतुसंसर्गाने तिचा मृत्यू झाला. २५ मे २०१८ रोजी छत्तिसाव्या दुरुस्तीने तो मजकूर हटवण्याच्या बाजूने ६६ टक्के मते पडली. त्या प्रचारात तिचे छायाचित्र डब्लिनच्या भिंतींवर होते. घटनेतली एक ओळ माणसाच्या शरीरापर्यंत कशी पोहोचते हे समजायला यापेक्षा जवळचे उदाहरण आपल्याकडे नाही.

आणि सत्ताविसावी दुरुस्ती तर थेट आपल्या पाळण्यापर्यंत येते. आयर्लंड बेटावर जन्मलेल्याला या राष्ट्राचा भाग असण्याचा जन्मसिद्ध हक्क १९९८ च्या एकोणिसाव्या दुरुस्तीने संविधानात लिहिला होता. ११ जून २००४ रोजी ७९ टक्के मतांनी त्याला मर्यादा घातली गेली. १ जानेवारी २००५ पासून, आई-वडील दोघेही परदेशी असतील तर त्यांच्यापैकी एकाने बाळाच्या जन्माआधीच्या चार वर्षांत तीन वर्षे इथे मोजता येईल असे वास्तव्य केलेले असावे लागते. शिक्षणाच्या परवान्यावरचा काळ त्यात धरत नाहीत. त्यामुळे ग्रँड कॅनाल डॉकच्या एकाच इमारतीतल्या दोन मराठी घरांत, एकाच आठवड्यात जन्मलेली दोन बाळे वेगवेगळ्या पासपोर्टची असू शकतात. या दुरुस्तीवर ज्यांचे भवितव्य ठरत होते त्या परदेशी आई-वडिलांना मत नव्हते, कारण सार्वमतात फक्त आयरिश नागरिक मत देतात. १९४७ च्या निवेदनातली बाबासाहेबांची अट आठवा.

मग आपला हात कुठे आहे? आयर्लंडमध्ये राहणारा कोणत्याही देशाचा प्रौढ रहिवासी स्थानिक निवडणुकीत मत देऊ शकतो, मतदार यादीत नाव मात्र नोंदवावे लागते. आपल्यातले कित्येक जण पाच-पाच वर्षे राहूनही ते करत नाहीत, हे बरोबर नाही. आयरिश नागरिकत्व घेतले की सार्वमताचा हक्क येतो आणि भारतीय नागरिकत्व जाते. ओसीआय कार्डावर भारतात मत नाही, आणि सरकारी नोकरीतील समान संधीचा अनुच्छेद १६ चा हक्कही नाही. भारतीय पासपोर्ट ठेवला तर परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवता येते, पण मत द्यायला गावच्या केंद्रावर स्वतः जावे लागते. कोणता मार्ग घ्यावा हे प्रत्येक कुटुंबाने आपापले ठरवायचे आहे. त्यात चूक-बरोबर काही नाही. फक्त काय मिळते आणि काय सुटते, याची बेरीज-वजाबाकी अर्ज भरण्याआधी व्हावी.

पुढच्या बैठकीसाठी अभ्यास: घरातले जातीचे प्रमाणपत्र काढा आणि त्यावर कोणत्या वर्षाच्या आदेशाचा उल्लेख आहे, धर्म काय लिहिला आहे ते वाचा. आई-वडिलांचे किंवा आजोबांचे १९९० पूर्वीचे दाखले मिळाले तर त्यांच्याशी ताडून पाहा. अनुच्छेद १५, १६, ३३४, ३४१ आणि ३६८ मराठी संविधानातून मोठ्याने वाचून या, मुलांनाही सोबत बसवा. २०३० पूर्वी राखीव मतदारसंघांचा प्रश्न संसदेत येईल, त्याबद्दल आपल्या मूळ मतदारसंघाच्या खासदारांना काय लिहायचे याचा मसुदा आपण त्याच दिवशी एकत्र बसून करू.

जय भीम.